कडेची ज्वारी

बोरी अरबच्या आसपासच्या दहा-बारा गावांत देवसिंगाच्या नाकाला जेवढा मान होता, तेवढा बाकीच्या देवसिंगाला नव्हता. माणूस आखूड, चालीला फेंगडा आणि बोलण्यात हेकट. पण कुणाचं धान्याचं पेव उघडायचं झालं की माळावरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात निरोप यायचा. कमरेला दोर बांधून जमिनीच्या पोटात उतरायचं, मूठभर ज्वारी नाकाशी धरायची आणि खालूनच ओरडून सांगायचं, "वरचा हातभर थर कोंबडीले टाका, बाकी सोनं हाय." मग वरची माणसं कामाला लागत. आजा-पणजा बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलुख हिंडलेले. गोणीचं तोंड न सोडता आतला माल ओळखायचं नाक त्याच्याकडे तिथूनच आलं, असं तो सांगे. देवसिंग स्वतःबद्दल सांगायचा त्यातली ही एकच गोष्ट लोक खरी धरत.

त्या वर्षी आषाढात नवा ताप आला. सरकारी माणूस येऊन सांगून गेला, याला फ्लू म्हणतात. जिल्हा मुंबई राज्यात गेल्याला अजून वर्ष व्हायचं होतं. बोरीचे वामनराव म्हणाले, "औंदा सरकारबी मुंबईचं न् तापबी मुंबईचा. दोनीबी विचारून नाई आले." तांड्यात एक्केचाळीस घरं, त्यातली तेहतीस आडवी झाली. उरलेल्या आठांनी तेहतिसांना पाणी पाजलं, आणि तेहतीस उठली तेव्हा आठ आडवी झाली. जुनी माणसं मानमोडीच्या जुन्या साथीचं नाव काढून एकमेकांना घाबरवत होती. पण दोन म्हाताऱ्या सोडल्या तर कुणी गेलं नाही.

देवसिंग नऊ दिवस पडून होता. नऊ हा आकडा पक्का आहे, कारण त्याची बायको जमनी हिनं अंबाडीच्या सुतळीला दर दिवसाची एक गाठ मारली होती. तिला अक्षर येत नव्हतं. पण म्हैस कधी फळली, उसना तवा कुणाकडे किती दिवस राहिला, सगळं तिच्या सुतळ्यांवर होतं. तांड्यातल्या बायका तिच्याशी वाद घालत नसत. सुतळी काढली की हरायचंच.

दहाव्या दिवशी ताप उतरला. देवसिंग चुलीपाशी येऊन बसला. जमनी स्वतः तापातून उठलेली, तिला भिंतीला टेकल्याटेकल्या डुलकी लागली. जाग आली तर तव्यावरची भाकर कोळसा झालेली आणि खोपट धुरानं भरलेलं. भाकरीपासून हातभर अंतरावर देवसिंग निवांत बसला होता.

"अवो, तुमाले समजलं नाई?"

"काय?"

"भाकर."

देवसिंगानं तव्याकडे पाहिलं. मग ती काळी भाकर उचलली, मोडली आणि खाऊ लागला. "कांई छेनी," तो म्हणाला. काही झालेलं नाही. पायात काटा मोडला तरी आणि बैल मेला तरी तो हेच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी जमनीनं मुद्दाम एक भाकर करपू दिली. तीही त्यानं मुकाट खाल्ली.  जमनीनं सुतळीला शेवटच्या गाठीच्या पुढे एक आडवी काडी बांधली.

चौथ्या दिवशी वामनराव आले. घरातली कणगी रिकामी झालेली, निंदणाच्या बायांना मजुरी ज्वारीत द्यायची, आणि पाऊस दोन दिवस उघडलेला.

"देवसिंग, पेव उघडाचं हाय. हिंडून-फिरून राह्यला ना आता?"

"हिंडून राह्यलो जी," म्हणताना देवसिंगाला खोकला आला. तो थांबेपर्यंत वामनरावांनी सभ्यपणे आभाळाकडे पाहिलं.

"आनखी चार दिस थांबा ना, पाटील," जमनी दारातून म्हणाली.

"थांबलो अस्तो वो, पन पानी थांबते काय?"

"पन ह्यांचं नाक..." जमनी बोलता बोलता गप्प झाली. परक्या माणसापुढे नवऱ्याचं काय काय झाकायचं, ते तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. त्या यादीत नाक नव्हतं. पण देवसिंगाच्या बाबतीत ते घालायला हवं, हे तिला कळत होतं.

"काय झालं नाकाले?" वामनरावांनी विचारलं.

"कांई छेनी," देवसिंग म्हणाला आणि दोर खांद्यावर टाकला.

पेवाच्या तोंडावरची माती काढली, दगड सरकवला. एक दिवस आणि एक रात्र ते तसंच उघडं ठेवलं. मग कंदील दोरीनं खाली सोडला. ज्योत विझली नाही, म्हणजे आतली हवा माणूस मारणारी नव्हती. कंदिलानं एवढंच सांगितलं. बाकीचं सांगायला देवसिंग होता.

तो उतरला. पेव तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद. कडेचा कडबा ओलानं काळा पडला होता आणि त्याला चिकटलेल्या ज्वारीवर हिरवट राख पसरल्यासारखी पूड होती. हात लावला की ती पूड उठायची आणि कंदिलाच्या उजेडात धुरासारखी फिरत राहायची. पहिली पाटी वर गेली. दोर ओढणाऱ्या दोघांनी तोंडं फिरवली, एकानं धोतराचा सोगा नाकाला लावला.

"देवसिंग!" वामनराव वाकून म्हणाले. "वास येऊन राह्यला, बाप्पा."

देवसिंगानं मूठभर ज्वारी नाकाशी धरली. खोल ओढली. काहीच नाही. पाणी हुंगावं तसं. पुन्हा ओढली. वर चार डोकी वर्तुळात लागून त्याच्याकडे पाहत होती. आजवर त्या वर्तुळातून त्याच्याकडे कुणी संशयानं पाहिलं नव्हतं.

"भपका हाय जी," तो खालून म्हणाला. "कोंडलेला भपका. दोन उन्हं दिली का जाते. आत सोनं हाय."

वामनरावांच्या नाकात वास होता आणि कानात देवसिंगाचा शब्द. त्यांनी कानाचं ऐकलं. "काढा मंग," ते म्हणाले.

देवसिंग दिवसभर खाली होता. खोकायचा, थुंकायचा, पाटी भरायचा. संध्याकाळी वर आला तेव्हा पापण्यांपासून मिशीपर्यंत हिरवट करडा झाला होता. एक मजूर म्हणाला, "देवसिंगदादा, तुले बी दोन उन्हं दाखवा लागते." सगळे हसले. देवसिंगही हसला आणि हसता हसता खोकत खाली बसला.

पेव उतरणाऱ्याचा एक जुना हक्क असतो. भिंतींना आणि तळाला चिकटलेली ज्वारी त्याची. चांगल्या पेवात ती कडेची ज्वारी दोन पाट्या निघते आणि धुऊन-वाळवून खाता येते. या पेवात सहा पाट्या निघाली. देवसिंगाला त्याचा आनंदच झाला. पेव जितकं खराब, तितका उतरणाऱ्याचा वाटा मोठा. हा कायदा ज्यानं केला, त्यानं त्यावर नीट विचार केलेला दिसत नाही.

रात्रीपासून पुन्हा झड लागली. सहा पाट्या ज्वारी खोपटात, देवसिंगाच्या बाजेला लागून पसरली. ओली ज्वारी गरम होते म्हणून जमनी दिवसातून तीनदा ती पायानं उलथायची. खोपटात धूळ उठायची. देवसिंग बाजेवर पडल्यापडल्या सांगायचा, "तथी कोपऱ्यात राह्यली, तथी बी फिरव."

आठ दिवसांनी वामनराव तांड्यात आले ते भांडायलाच. मनात वाक्य तयार होतं: देवसिंग, तुह्या नाकानं माह्या घरच्याइले कडू भाकर चारली. निंदणाऱ्या बायांनी मजुरीची ज्वारी परत आणून ओसरीवर ओतली होती, आणि अशा वेळी बाया बोलतात ते त्यांनी ऐकून घेतलं होतं. पण दारात आले आणि बाजेवर पाहिलं. देवसिंग बसून होता, कारण आडवं झालं की दम लागत होता. गळ्याची हाडं वर आलेली, पोट भात्यासारखं चाललेलं. बाजेखालच्या राखेच्या खापरात लाल दिसत होतं. वामनरावांनी तयार वाक्य गिळलं.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

जमनीनं सुतळी दाखवली. काडीच्या पुढे नव्या गाठी सुरू झाल्या होत्या, आणि काही गाठींत कवडी ओवलेली होती. थुंकीत रक्त दिसलं त्या दिवसाला एक कवडी. कवड्या तिनं स्वतःच्या फेटियाच्या, घागऱ्याच्या काठावरून उसवून घेतल्या होत्या.

आजारी माणूस किती आजारी आहे हे वैद्यापेक्षा भेटायला येणारे अधिक नेमकं सांगतात. ते कुठे बसतात एवढंच मोजायचं. फ्लूच्या वेळी तांड्याचा नायक पूनमसिंग देवसिंगाच्या बाजेवर बसला होता. पहिली कवडी पडली तेव्हा तो बाजेपासून चार हातांवर बसला. तिसरीला उंबऱ्यात. पाचव्या कवडीला बाहेरच्या लिंबाखाली उभा राहिला आणि तिथूनच बोलला.

"खेमसिंग, इकडे ये."

देवसिंगाचा मुलगा खेमसिंग पंचविशीचा, बापापेक्षा वीतभर उंच आणि अर्ध्यानं बोलणारा. तो गेला.

"हे फ्लू नोहे आता," नायक म्हणाला. "हे क्षयाचं हाय. बाजारातल्या सुईवाल्यानं बी तेच सांगतलं ना?"

"त्यानं तीन सुया देल्या. फरक नाई."

"क्षयाले फरक नसतेच. पाह्य, मी वाईट माणूस नाई. पन तांड्यात लेकरं हायेत. पोट्ट्या तीजेच्या सणाले टोपल्यांत गहू पेरून बसल्या हायेत. तीज उठली का बुढ्याले नाल्याच्या पलीकडे खोपटी करून दे. भाकर-पानी तुह्या मायनं दुरून ठेवावं."

"एकटा राहीन थो तथी?"

"माहा चुलता राह्यला होता."

"किती दिस?"

 नायकाचा चुलता नाल्यापलीकडे उन्हाळाभर राहिला होता, आणि पहिल्या पावसात खोपटीसकट संपला होता. हे दोघांनाही माहीत होतं.

जमनी दारात उभी राहून ऐकत होती. ती चुलीपाशी जाऊन बसली, हातातल्या बलिया बांगड्यांवर कपाळ टेकलं आणि तेवढ्यापुरती रडली. मग उठून ज्वारी उलथली. काम तर होतंच. बाजेवर देवसिंगाला असा खोकला लागला की त्याचे ओठ निळे पडले. त्या दिवसाची कवडी तिनं तिथेच बसून बांधली.

"यवतमाळले नेतो," खेमसिंग म्हणाला. त्या महिन्यातलं त्याचं ते सर्वांत लांब भाषण.

दमणी वामनरावांनी दिली. बैलही दिले, आणि स्वतः हाकायला बसले. "पेव माहं होतं," एवढंच म्हणाले. ठेशनावरून छोटी गाडी. ती इतकी हळू चालते की उतरून लघवी करून पुन्हा चढता येतं, आणि एकानं ते केलंही. डब्यात देवसिंगाला खोकला लागला तशी शेजारची माणसं सरकत गेली. शेवटी बाक रिकामं झालं. "आडवा व्हाले जागा भेटली," देवसिंग म्हणाला. पण आडवं होणं त्याला जमत नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात फ्लूनं बिघडलेली माणसं व्हरांड्यातही होती. डॉक्टर कान्हेरे नागपूरकडचे, बारीक, झोप न झालेले. त्यांनी छातीला नळी लावली, फोटो काढला, तीन दिवस लागोपाठ थुंकी डब्बीत घेतली. चौथ्या दिवशी खाटेशी आले.

"क्षयाचे जंतू तीनदा शोधले, तिन्ही वेळा सापडले नाहीत," ते म्हणाले. "फ्लूनंतरचा साधा न्यूमोनिया म्हणावा, तर सुया लागू पडत नाहीत. रक्त कधीपासून पडतंय?"

खेमसिंग बोटं मोजू लागला. जमनीनं त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि कमरेची सुतळी सोडून डॉक्टरांच्या हातात दिली. डॉक्टरांना आधी तो गंडा-दोरा वाटला. परत देऊ लागले.

"वाचा ना जी," जमनी म्हणाली. "ह्या नऊ गाठी पह्यल्या तापाच्या. ही काडी, ताप उतरला तवाची. मंग पुढचे दिस. कवडी म्हन्जे रगत."

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसले आणि गाठी बोटांनी चाचपू लागले. "इथे चार कवड्या लागोपाठ. मग पाच दिवस एकही नाही. मग पुन्हा तीन. या पाच दिवसांत काय केलं? औषध दिलं कुणी?"

"नाई जी. उघाड होती. उनातानात बरं वाटलं आसन."

"घरात काही वेगळं?"

"काई नाई. ज्वारी तेवढी आंगनात वाळाले नेलती."

"कुठली ज्वारी?"

जमनीनं गाठोडं सोडलं. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली तीन दगडांची चूल मांडून ती भाकरी करत होती, त्यासाठी घरून आणलेली धुतलेली ज्वारी आणि कोपऱ्यात एका फडक्यात बांधलेली, अजून न धुतलेली कडेची. डॉक्टरांनी फडकं उघडलं, नाकाशी नेलं आणि सलग तीन शिंका दिल्या. मग त्यांनी ते देवसिंगाच्या नाकाशी धरलं.

"कसा वास येतो?"

देवसिंगानं जमनीकडे पाहिलं, खेमसिंगाकडे पाहिलं. शेजारच्या खाटेवरचाही माणूस मान वळवून ऐकत होता. दहा-बारा गावांचा मान, आजा-पणजा, बैलांचे तांडे, सगळं त्या फडक्याशी येऊन थांबलं होतं.

"काईच नाई येत जी," तो म्हणाला. "आषाढापासून येत नाई. पेवात बी नाई आला. म्या खोटं सांगतलं."

खेमसिंगानं खाली पाहिलं. जमनी मात्र म्हणाली, "मले ठाऊक हाय."

"तुले कसं?"

"पाच भाकरी करपवल्या म्या. पाची तुमी खाल्ल्या."

संध्याकाळी डॉक्टरांनी तिघांना एका छोट्या खोलीत नेलं. टेबलावर काळं नळीचं यंत्र होतं. "एका डोळ्यानं पाहा. ही तुमची थुंकी." देवसिंग वाकला. पिंजलेल्या कापसासारखे धागे, धाग्यांतून निघालेल्या दांड्या, आणि दांडीच्या टोकाला गोल बोंड, दाण्यांनी भरलेलं. डॉक्टरांनी काच बदलली. "आणि ही तुमची ज्वारी." तेच धागे. तीच बोंडं.

देवसिंग बराच वेळ पाहत राहिला. "हे तं पीक हाय जी," तो म्हणाला. "कनसं भरून हायेत."

"बुरशी आहे. धान्याला लागते ती. धडधाकट माणसाच्या छातीत पडली तर खोकून बाहेर जाते. तुमची छाती फ्लूनं नांगरून ठेवली होती आणि तुम्ही पेवात उतरलात."

"म्हन्जे पेरलं म्याच."

"आणि घरी नेऊन रोज पाणी दिलंत."

जमनीनं तोंडावर हात ठेवला. दिवसातून तीनदा ती ज्वारी तिनंच उलथली होती. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी सुतळी तिच्या हातात परत ठेवली. "ही नसती तर मी त्या ज्वारीपर्यंत पोचलो नसतो," ते म्हणाले.

"क्षय नाई ना मंग?" खेमसिंगानं विचारलं.

"नाही. हेही हलकं नाही. महिनाभर इथे राहावं लागेल, आणि हमी मी देत नाही. पण नाल्यापलीकडे वगैरे कुणाला ठेवायचं नाही. नाल्यापलीकडे ती ज्वारी टाका. ओली करून टाका, उडवत नेऊ नका."

खेमसिंग त्याच गाडीनं परत गेला. सहा पाट्यांतली उरलेली ज्वारी त्यानं तोंडाला फडकं बांधून, पाणी शिंपडून, नाल्यापलीकडे नेऊन पुरली. नायकानं खोपटीसाठी दाखवली होती, त्याच जागी. मग नायकाच्या दारात जाऊन एवढंच सांगितलं, "बापू क्षयाचा नाई. ज्वारीचा हाय." नायकाला अर्थ कळला नाही, पण पहिलं वाक्य पुरेसं होतं.

दवाखान्यात दुधातून थेंबांचं औषध सुरू झालं. रोज एक थेंब जास्त. तोंडाला गंजक्या लोखंडाची चव यायची आणि नाक सारखं वाहायचं. "वास घेत नाई तं नाई," देवसिंग नाक पुसत म्हणायचा, "दुसरं काम तं करून राह्यलं." पहिल्या आठवड्यात दोन कवड्या पडल्या. दुसऱ्यात एक. त्यानंतर जमनी रोज गाठ मारायची आणि कवडी हातात धरून थोडा वेळ थांबायची. खापर पाहायची. कवडी परत कनवटीला.

ज्या दिवशी देवसिंग आडवा होऊन झोपला, सबंध आडवा, उशीशिवाय, त्या दिवशी जमनीनं कुठलीच खूण केली नाही. ती त्याच्या पायाशी बसून राहिली आणि त्याची छाती वर-खाली होताना पाहत राहिली. खूण करायची विसरली, असं प्रथमच झालं.

दसऱ्याच्या तोंडावर ते तांड्यात आले. वामनराव दमणी घेऊन ठेशनावर उभे होते. वाटेत देवसिंग म्हणाला, "पाटील, त्या दिशी माह्या नाकाले वासच नोहता. भपका म्हनून म्या तुमाले फशिवलं."

वामनरावांनी बैलाच्या शेपटीला हात लावला. "मले तं येत होता ना! सडका वास, नाक फुटाले आलं होतं. माहं नाक माह्या तोंडावर, तरी म्या तुह्यावर भरोसा ठेवला. मंग गाढव कोन?"

देवसिंगानं विचार केला. "दोघं बी जी."

"बरं. मजुरनीइनं मले एकट्यालेच गाढव म्हनलं होतं. वाटून घेतलं तं हलकं वाटून राह्यलं."

नायक पूनमसिंग भेटायला आला. लिंबाखाली थबकला, उंबऱ्यात थबकला, मग सरळ येऊन बाजेवर बसला. नुसता बसला नाही, मांडी घालून बसला, आणि जाताना देवसिंगाची चिलीम ओढून गेला. वर म्हणाला, "मी तं पह्यल्या दिशीच म्हनलं होतं, हे क्षयाचं दिसत नाई." जमनीनं त्याच्याकडे पाहिलं, पण माणसाच्या बोलण्याची सुतळी तिच्याकडे नव्हती, म्हणून तो सुटला.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी खोपटाबाहेर ऊन पसरलं होतं. मोकळ्या झालेल्या कवड्या जमनी फेटियाच्या काठाला परत टाचत बसली होती. आत चुलीवर भाकर होती. देवसिंग बाहेर बाजेवर, तुरीच्या शेतातून आलेल्या खेमसिंगाशी बैलाच्या खुराबद्दल बोलत होता. बोलता बोलता मध्येच थांबला. मान वर केली. नाकपुड्या हलल्या.

"अवो," तो ओरडला, "भाकर करपून राह्यली!"

जमनीच्या हातातली सुई थांबली. ती उठली नाही.

"ऐकू आलं नाई काय? भाकर जळून राह्यली आत!"

"कशावून?" तिनं विचारलं.

"वास येऊन राह्यला ना बाई! उठ ना!"

खेमसिंग उठू लागला, तर तिनं त्याला हातानं बसवलं. दारातून निळसर धूर बाहेर येऊ लागला होता. देवसिंग बाजेवरून उतरला, फेंगड्या पायांनी दाराकडे निघाला, वाटेत तिच्यापाशी थांबला. तिचे डोळे भरलेले पाहून त्याला काही कळेना.

"काय झालं वो तुले?"

"कांई छेनी," जमनी म्हणाली. "जळू द्या. आनखी एक डाव सांगा, कायचा वास येते?"